अध्यक्षांच्या मोटारीची जागा पोलादास मिळाली ते वर्तमान

समस्त सुज्ञ जनांस श्रुत व्हावे जे, उगवत्या सूर्याचे देशी, कोची शहरी एक पाच मजली इमारत, तीस खालती मोटारींचा तळ, भिंत नाही, सारा डोलारा सडपातळ खांबांवर. आणि त्या तळाचे बरोबर माथ्यावर हिरासेबाईंचे बिऱ्हाड व त्यांची तान्ही कन्या कोहारू, निद्राप्रिय. मग जाणत्यांनी कौल दिला की धरणीने अंग झाडिल्यास खांब मोडतील, सबब खांबांमध्ये तिरपे पोलादी दांडे बसवावे. ते हिसका अंगावर घेतील, ताणतील, दबतील, परंतु खांब राखितील. सभेने माना डोलाविल्या. आणि जागा पाहो जाता ती नेमकी रहिवासी संघाचे अध्यक्ष उसामी-सान यांचे मोटारीची निघाली. मोटार कसली, श्वेत गजराज. दर रविवारी अभ्यंग, स्वारी कधीच नाही. अध्यक्षांनी फर्माविले की सकारात्मक विचार करू. त्या मुलखी याचा अर्थ 'नाही', हे पाळण्यातले पोरही जाणे. मग सभेमागून सभा विचारच होत राहिला.

मग हिरासेबाईंनी मसलत केली. घरात ठोकाठोक करणे जाहले तरी शेजाऱ्यांस मिठाई देऊन आगाऊ माफी मागावी, हा तेथील शिरस्ता. बाई कन्येस छातीशी बांधून, पेटी घेऊन अध्यक्षांचे दारी रुजू जाहल्या आणि कमरेत वाकल्या.

"उसामी-सान, आधीच माफी मागते हं."

"अहो, कशाबद्दल? कपाटबिपाट हलवताय का?"

"छे! भूकंपात आम्ही दोघी तुमच्या गाडीवर पडणार ना. टपाला पोचा येईल. शिवाय ही दूध काढते, काचेवर डाग पडायचे."

अध्यक्षांचा रंग मोटारीसारखा जाहला. आतून पत्नी कडाडल्या, "घेताय काय पेटी! परतभेट काय देणार? पोचा?"

परतभेटीवाचून पेटी पचत नाही, हाही शिरस्ताच. मग दुसरेच दिवशी गजराज हलले आणि पोलाद चढले.

पुढे हिवाळ्यात धरणी खवळली. पोलाद करकरले, ताणले, दबले; कपबशा धारातीर्थी पडल्या, खांब एक न मोडला. बाई कन्येवर पाखर घालून ओणव्या राहिल्या, तिचा श्वास ऐकत. कन्येने झोपेतच ओठ चोखिले.

मग अध्यक्ष पेटी घेऊन दारी आले, वाकले.

"हिरासे-सान, आधीच माफी मागतो हं. पोलादावर पाटी लावतोय. 'अध्यक्षांची दूरदृष्टी' म्हणून."

बाईंनी पेटी घेतली आणि परतभेटीदाखल त्याच पोलादावर कन्येची दुपटी वाळत घातली, पैकी एक नेमके पाटीवर. अध्यक्षांनी ते काढण्याची विनंती केली. बाईंनी फर्माविले की सकारात्मक विचार करू.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दुपटे अद्याप तेथेच आहे, ही नोंद पक्की असे.