थकबाकी मान्य केल्याबद्दल आभार

"एका पत्रात गार करतो त्यांना! एकच पत्र!"

तक्रारसाहेबांनी नोटीस टेबलावर आपटली. पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात बावीस वर्षं घालवल्यामुळे घरीदारी त्यांचं हेच नाव पडलं होतं.

नोटीस बायकोच्या नावावर होती. फिजिओथेरपी शिकताना तिनं घेतलेलं कर्ज अकरा वर्षांपूर्वी पूर्ण फिटलं होतं. ते आता कुठल्याशा वसुली कंपनीनं उकरून काढलं होतं. आणि वेळ तरी कुठली साधावी! तिला स्वतःचं क्लिनिक काढायचं होतं, आणि बँक म्हणत होती, शुक्रवारपर्यंत ही थकबाकी नावावरून निघाली नाही तर नवं कर्ज विसरा. क्लिनिकसाठी बघितलेली जागा जागामालक शनिवारी चपलांच्या दुकानाला द्यायला टपलेला.

"कर्ज फिटल्याचा दाखला जोडा," बायको म्हणाली.

"दाखला? आधी पत्राचा धाक बसू दे!"

तर, पत्र :

*महोदय, आपले पत्र मिळाले. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या मागणीची गांभीर्याने नोंद घेण्यात आली असून लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.*

(वाचकहो, तुम्हाला दिसलं ना? त्यांना नाही दिसलं. तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम वाढवला आणि ईमेलनं पाठवून दिलं. बावीस वर्षं माफी मागितलेला हात! त्याला भांडायचं वळणच नव्हतं.)

उत्तर, बुधवारी :

*थकबाकी मान्य केल्याबद्दल आभार! सोबत हप्त्यांचे वेळापत्रक.*

"अहो, हे काय लिहून बसलात?"

"नम्र, पण ठाम!"

"ठाम कुठंय?"

"'कृपया'वर जरा जोर आहे."

बायको उठून मोरीकडे गेली. ती न बोलता भांडी घासायला लागली की घरातला पंखासुद्धा दबकत फिरायचा. तक्रारसाहेबांनी मुकाट्यानं फोन उचलला.

फोन :

"मला तक्रार करायचीय!"

"बोला," पलीकडून वसुली अधिकारी.

तक्रारसाहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. आणि मग, सवयीनं,

"आपली काय अडचण आहे, साहेब?"

इतक्या वर्षांत त्या अधिकाऱ्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो बोलायला लागला. लिफ्ट बंद, खुर्चीचं चाक निखळलेलं, लोक फोनवर आईबाप काढतात... चाळीस मिनिटं! तक्रारसाहेबांनी सगळं लिहून घेतलं, त्याला नोंद क्रमांकही दिला.

"मिटलं का?" बायकोनं विचारलं.

"त्यांचं मिटेल. मी पाठपुरावा करणार आहे."

शुक्रवार. सकाळी दहा. वसुली कंपनीच्या काउंटरवर बायको. चार पावलं मागं तक्रारसाहेब, हातात पिशवी.

तिनं दाखला पुढं ठेवला. "कर्ज फिटलंय. तारीख बघा. नोटीस मागं घ्या, आत्ता."

"पण बाई, तुमच्या यजमानांनी लेखी मान्य केलंय," फोनवरचाच तो अधिकारी म्हणाला.

"त्यांनी सगळ्या शहराचं मान्य केलंय! कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचं बिल दुप्पट, सगळं! तारीख बघा."

अधिकाऱ्यानं तारीख बघितली. शिक्का बघितला. संगणकात काहीतरी ठोकलं, मग वरच्या माणसाला विचारायला वळला. नुसती मान वळेना म्हणून खुर्चीसकट अख्खा वळला. वरच्यानं मान डोलावली. शिक्का! नोटीस रद्द!

"मान किती दिवस अशी आहे?" बायकोनं कागद घडी करत विचारलं.

"तीन वर्षं."

"एकोणीस तारखेला क्लिनिक उघडतेय. या."

दुपारी बँकेचा होकार आला. शनिवारी किल्ली आली. आणि एकोणीसला पहिला पेशंट म्हणून तो वसुली अधिकारीच आला. अर्ध्या तासानं त्यानं तीन वर्षांत प्रथमच उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि त्याचे डोळेच भरून आले.

मग फीचा आकडा ऐकला. घसा खाकरला.

"बाई... हप्त्यांनी चालेल का?"

बायको तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून तक्रारसाहेब उठले.

"चालेल की! अगदी सवडीनं द्या!"