दामल्यांचं ‘लेखी आहे का?’

आग लागली असं सांगितलं, तरी आमचे दामले आधी विचारायचे, “लेखी आहे का?” पाहुणे दारात उभे असताना वहिनींनी साखर आणायला पिटाळलं, तर चिठ्ठी हातात पडेपर्यंत हे चपला घालेनात.

वाशीच्या सोसायटीत आम्ही शेजारी, त्याआधी एकाच कचेरीत. आणीबाणीत दामले वर्षभर तुरुंगात होते. पुढे चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. जिन्यात गाठून सांगायचे, “आता मंत्रिमंडळानं लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी लावता येत नाही! महिन्याच्या आत संसदेत दोन तृतीयांश मतं हवीत. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं. आणि जगण्याच्या हक्काला हात लावायचा नाही!”

एका मे महिन्यात पाणी आटलं. चेअरमन भोईरांनी “इमर्जन्सी हाय” म्हणून दोन भांडखोर बिऱ्हाडांचं पाणीच तोडलं.

“लेखी आहे का?”

“काका, पानी नाय तं कागद पिऊ काय?”

सगळे हसले. दामले दारोदार फिरले, सह्या गोळा करून सभा बोलावली आणि नियम करून घेतला. सगळ्या कमिटीच्या सहीशिवाय टंचाई जाहीर करायची नाही, महिन्यात सभेची मंजुरी घ्यायची, आणि काही झालं तरी कुणाचंही पिण्याचं पाणी तोडायचं नाही. पुढे भोईरच ऐटीत सांगायचे, “असा रूल दुसऱ्या सोसायटीत दाखवा!” मलाही दामल्यांचा फार अभिमान वाटला. पण त्या सभेत मी मान खाली घालून बसलो होतो.

कारण आणीबाणीत डबा खाताना दामले सरकारविरुद्ध काय बोलले, ते साहेबांच्या कानावर मीच घातलं होतं. बढतीसाठी. तोंडी.

दामले शेवटच्या आजारात असताना मी कसाबसा म्हणालो, “दामले, तेव्हा तुमचं नाव...”

“माहीत आहे. सुटलो त्याच आठवड्यात कळलं.”

आणि तरी हा माणूस इतकी वर्षं रोज सकाळी आपला पेपर आधी माझ्या दारात टाकत होता!

“साहेबांनी लेखी मागितलं असतं,” ते हळूच म्हणाले, “तर तुम्ही दिलं नसतंत. एवढं ओळखतो मी तुम्हाला.”

दामले, आज देतो आहे. लेखी. खाली सहीसुद्धा केली आहे.