भूक तळपायात राहते

आमच्या गावच्या अंगणवाडीत एकच खुर्ची आहे, आणि ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. कुणा पाहुण्याला बसावंसं वाटलं की कांताबाई बोटानं वर दाखवतात. "बसा की. चढता येत असीन तर."

कांताबाई अंगणवाडीच्या सेविका. सोनाळ्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि माझं घर अंगणवाडीसमोर, त्यामुळे माझी सकाळ त्यांच्या आवाजानंच उजाडते. "बूड उचल बे, बूड उचल." हे त्या लेकरांना म्हणतात, लिंबाखाली पत्ते कुटणाऱ्या बाप्यांना म्हणतात. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनाही म्हणाल्या, फक्त 'बे' गाळून.

शरीराबद्दल त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. "भूक पोटात नसते, तळपायात राह्यते. पाय हलले का मंग वर चढते." म्हणून खिचडीआधी सगळ्यांनी पळायचं. उंची लिंबाच्या फांदीवर राहते, लोंबकळलं की अंगात उतरते. अक्कल कुठे राहते, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते अंगणभर सांडेल राह्यते. पळता पळता सापडते."

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांत वाढले. वडील ती छापून आणायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो. तीन वर्षांच्या लेकराला बाकावर बसवून अक्षरं गिरवायला लावणं ही हिंसा आहे, आणि मोठ्यांना शांतता हवी म्हणून ती चालते, असं मी लिहिलं, छापलं, बाजाराच्या दिवशी वाटलं. कांताबाईंनी माझं पत्रक उभ्यानं शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं लिहेल हाय," त्या म्हणाल्या. "पण बसून लिहेल दिसते."

त्यांचा लाडका खेळ 'ढग'. लिंबापासून हापशापर्यंत सगळ्यांनी ढग होऊन जायचं. हात पसरायचे, घाई करायची नाही, बोलायचं नाही. जो हसला तो बरसला, म्हणजे बाद. हे चालू असताना मी दारात येऊन उभी राहते. उत्तरेला सातपुडा निळा पुसट दिसत असतो, आणि अंगणात ही एवढीशी माणसं डोळे अर्धे मिटून तरंगत असतात. मधोमध कांताबाई, सगळ्यांत मोठा ढग, पदर खोचलेला. थोड्या वेळानं मलाही वाटायला लागतं की गावाला वजनच उरलेलं नाही.

या आकाशात एकच लेकरू नव्हतं. परी.

परी साडेतीन वर्षांची, अंगानं काडी. तिची आजी गोदामाय तिला कडेवर घेऊन यायची, उंबऱ्यावर मांडीत घेऊन बसायची आणि खिचडी झाली की कडेवरच परत न्यायची. गोदामायचा हिशेब पक्का होता. पोरगी आधीच अशक्त, त्यात पळाली तर खाल्लेलं अंगी लागणार नाही.

"सोडा तिले खाली, माय," कांताबाई म्हणायच्या.

"काऊन सोडू? एवढुसं खाते, ते बी तुह्या अंगणात सांडू का?"

"खात नाही, कारण हालत नाही."

"तुही भूक राह्यते तळपायात. आमची पोटातच हाय बाप्पा." आणि मग ठेवणीतला बाण. "लय बोलशीन तं तालुक्याच्या शाळेत टाकीन. तिथं गाडी न्याले येते. दिवसभर बाकावर बसोतेत, अंगाले माती बी लागत नाही."

 परी गेली असती तर तिचे पाय तिथे बाकाखाली लोंबकळत राहिले असते. माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळा तयार झाला. कांताबाईंनी मात्र वेगळंच केलं. त्या जाऊन गोदामायशेजारी उंबऱ्यावर टेकल्या. त्यांना बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. लेकरंही खेळ थांबवून बघायला लागली.

"माय, माही सुमी होती न, तिले मी बांधून ठेवत होती."

गोदामायनं मान वळवली.

"निंदाले जाऊ तवा. वावरात उघडी विहीर. मंग लुगड्याची चिंधी तिच्या पायाले, अन् दुसरं टोक बाभळीले. दिवसभर. तीबी बिचारी बसे गुमान. मले वाटे, काय गुणाची पोरगी हाय."

"मंग? जगली न?"

"जगली. चांगली हाय. पुण्याले असते. दिवाळीले येते, लुगडं आणते, पाया पडते." कांताबाई अंगणाकडे बघत होत्या. "पण ते माह्याजवळ पळत कधी नाही आली, माय. शाळेतून नाही, सासरहून नाही. चालत येते. दोन हात दूर उभी राह्यते, जसं काय तिथंच चिंधी संपते."

 गोदामायनं परीचा पाय हातात घेतला आणि उगीच पुसल्यासारखा केला. पायाला काही लागलेलंच नव्हतं. मग उठली, परीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. "आता परीला तालुक्याला टाकतील का?" मी कांताबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही, ते कळलं नाही.

रोज सकाळी कांताबाई अंगणाच्या पार टोकाला उभ्या असतात. लेकरानं फाटकातून आत यायचं आणि त्यांच्यापर्यंत पळत जायचं, असा रिवाज. त्या स्वतः एक पाऊल पुढे येत नाहीत. इतकी वर्षं मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सगळी लेकरं पोचल्यावर फाटकात गोदामाय आली. परी कडेवर. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वाकली आणि तिला मातीवर ठेवलं.

परीनं आधी पायांकडे पाहिलं. चार पावलं चालली. नंतर तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ती धावायला लागली, वाकडीतिकडी, हात पसरून. हापशाजवळ पडली. गोदामायचा हात पुढे गेला.

"राहू द्या माय," कांताबाई टोकाकडून म्हणाल्या. "येऊन राह्यली ते."