असोसिएट प्रोड्यूसर दामले

दामलेकाकांच्या घरी नुसता चहा मिळत नाही. चहाबरोबर सिनेमा बघावा लागतो, आणि तो नेहमी तोच असतो.

वॉन शहरात आमच्या शेजारचं टाउनहाउस त्यांचं. नवं घर घेतल्यावर ओळख करून घ्यायला गेलो, तर त्यांनी हातात कार्ड ठेवलं: 'मनोहर दामले, असोसिएट प्रोड्यूसर'. मला वाटलं, चला, शेजार मोठ्या माणसाचा मिळाला. मग त्यांनी मला बेसमेंटमध्ये नेलं, पडदे ओढले, माझा फोन काढून घेतला आणि डीव्हीडी लावली. बाहेर पडलो तेव्हा बायको मला शोधायला निघाली होती.

सिनेमा इंग्लंडचा. काका बरीच वर्षं लेस्टरला होते. तिथे कुणा होतकरू दिग्दर्शकाला एका एकट्या बाईच्या मनाचे खेळ दाखवणारा थरारपट काढायचा होता आणि जागा भाड्याने घ्यायला खिशात दमडी नव्हती. काकांनी आपलं राहतं घर तीन आठवडे दिलं. म्हणून शेवटी नावांची यादी येते, तिच्यात तळाला त्यांचंही नाव आहे. तिथे ते सिनेमा पॉज करतात आणि आपण ते नाव वाचेपर्यंत थांबतात.

"ते रक्त म्हणजे आमचं बीट," ते सांगतात. "धुकं म्हणजे आमचा कुकर. शिट्टी झाली की कट, परत टेक. लो बजेट असलं म्हणून काय झालं, सायकॉलॉजी आहे त्यात."

काकांना सायकॉलॉजी कुठेही सापडते. समोरच्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला नाही, त्यात सायकॉलॉजी. जून उजाडला तरी मी गाडीचे विंटर टायर्स काढले नाहीत, त्यातही सायकॉलॉजी. वास्तविक तो निव्वळ आळस होता, पण काकांनी त्याला इतकं खोल कारण दिलं की मीच थोडा गंभीर झालो.

एकदा गणपतीत मुलांच्या नाचाऐवजी हा सिनेमा ठेवावा असं त्यांनी सुचवलं. मंडळाने भिडेखातर नाचानंतर ठेवला. सुरुवातीला हॉल भरलेला होता. शेवटी मी, काका आणि खुर्चीत झोपलेले कुणाचे तरी आजोबा एवढेच उरलो. मधेच एका मुलाने विचारलं होतं, "अंकल, व्हेन डझ इट गेट स्केरी?"

"तू ऑलरेडी घाबरलायस, बाळा. तुला अजून कळलं नाही, इतकंच."

ह्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. एवढ्या बर्फात पायात नुसत्या सपाता, आणि डीव्हीडी छातीशी धरलेली. "तू आयटीतला ना? ही अडकते रे. अर्ध्याच्या पुढे जातच नाही. काहीतरी कर."

मी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. चरे पडलेल्या डिस्कशी माझा काय संबंध? पण सिनेमा थिएटरात कधी लागलाच नव्हता, दिग्दर्शकाचा पत्ता नव्हता आणि दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती. डिस्क ठेवून घेताना माझ्या मनात आलं की बरं झालं, सुटलो. तरीही दोन वीकेंड मी तिच्यामागे घालवले.

बराचसा सिनेमा निघाला, पण शेवट गेला तो गेलाच, आणि सगळ्या रहस्याचा उलगडा तिथेच होता. काकांना घरी बोलावलं आणि चाचरत सांगितलं.

"शेवट जाऊ दे," ते म्हणाले. "ती बाई किचनमध्ये बसते, तो सीन आहे का?"

होता. मी लॅपटॉपवर लावला. बाई टेबलाशी एकटी बसलेली, आणि वर, रिकाम्या घरात, कुणीतरी चालतंय. लाकडी फरशीवर पावलं, आणि दर पावलाला एक बारीकसा टिक. हा सीन मी पाच-सहा वेळा तरी पाहिला होता, पण तो टिक कशाचा असा विचार कधी केला नव्हता.

"कमल आहे ती," काका म्हणाले.

कमलकाकू आम्ही इथे येण्याआधीच गेल्या. मला त्या फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत.

"शूटिंगवाल्यांना पावलांचा आवाज हवा होता, आणि मोकळी अशी हीच होती. डायरेक्टर म्हणाला, मिसेस दामले, पायातल्या त्या रिंग्ज काढा, आवाज येतोय. ही म्हणाली, जोडवी आहेत ती, माझा नवरा जिवंत आहे, मी नाही काढणार. मी किती चिडलो होतो तिच्यावर. म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, काढ की. नाही म्हणजे नाही. शेवटी तसंच घेतलं." ते स्क्रीनकडेच बघत होते. "फोटो ढीगभर आहेत रे. पण तिची चाहूल एवढ्याच जागी आहे."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं ह्या माणसाच्या सिनेमाला मी पाठीमागे हसत आलो होतो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात पावलं जिन्याशी आली आणि काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"एक मिनिट हं," ते हळूच म्हणाले. "तिला खाली येऊ दे."