बाकाचं दुसरं टोक

विंझरला आनंदरावांच्या ओसरीवर प्रद्युम्न बसला आणि बाक कुरकुरला. भोरला पोरांना यंत्रशास्त्र शिकवणारा माणूस, त्याने सवयीने खाली वाकून पाहिलं. बाकाचे पाय टोकांपासून हातभर आत ठोकलेले होते. एरवी आनंदराव एकटेच मधोमध बसत. आज त्यांच्या लेकीला, चैत्रालीला मागणी घालायला पाहुणा आला, म्हणून मध्ये चहाचा ट्रे ठेवून ते एका टोकाला सरकले होते आणि दुसऱ्या टोकाला प्रद्युम्न होता.

कालच त्याने फळ्यावर लिहिलं होतं: बल एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं, तर सोबत उलथवणारं बलयुग्मही मांडावं लागतं. म्हणजे आनंदरावांचं नव्वद किलो वजन बाकाच्या पायांवर होतंच, शिवाय बाक उलटवायलाही टपलेलं होतं. आपण उठलो की होणारे सासरे जमिनीवर!

तेवढ्यात त्याच्या बाजूच्या दारातून धोंडाबाई आजी बाहेर आल्या आणि बाकाच्या टोकाशीच उभ्या राहिल्या.

"ऊठ, आजीच्या पाया पड," दाराआडून चैत्राली कुजबुजली.

प्रद्युम्नने बसूनच हात जोडले. "नमस्कार, आजी."

"कंबर धरली का काय पोराची?" आजींनी विचारलं.

"न्हाई आई, शिकलेली मान्सं वाकत न्हाईत," आनंदराव म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "मास्तर, देवाम्होरं तरी डोकं टेकवून या."

"नंतर जातो," प्रद्युम्न बाक घट्ट धरून म्हणाला. चैत्रालीचा चेहरा पडला. आता सगळं हातचं जाणार या भीतीने त्याने खरं सांगून टाकलं. "मी उठलो तर तुम्ही पडाल हो!"

"तुमच्यावाचून अडलंय व्हय आमचं?"

"तसं नाही, तुमचं वजन..."

"माझ्याच ओसरीवर माझं वजन काढता? न्हाई जमायचं हे लगीन!" आनंदराव ताडकन उठले.

प्रद्युम्नने स्वतःचं वजन हिशेबात धरलंच नव्हतं. बाकाचं त्याच्याकडचं टोक खाली गेलं, ट्रे घसरत त्याच्या पाठीवर आला आणि तो पालथा आजींच्या पायांवर कोसळला.

मग आजींनी त्याच्या चहाने भिजलेल्या डोक्यावर हात ठेवला. "आनंदा, साष्टांग घातला रं यानं. आपल्या एका तरी जावयानं घातला व्हता का? तारीख काढ."

आनंदराव विरघळले. बाक सरळ करून ते मधोमध बसले आणि शेजारची फळी थोपटून म्हणाले, "या मास्तर, बसा हितं."

"नको नको, मी खालीच बरा आहे," प्रद्युम्न जमिनीवरूनच म्हणाला.

"बग," आनंदराव कौतुकाने आईला म्हणाले, "एवढं शिकलंय, पर बरोबरीनं बसाया धजत न्हाई."