दगूबाईंचा साधा टीव्ही

महाग वस्तू घेणाऱ्याला विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो स्वस्त वस्तू घेणाऱ्याला. ज्याच्या घरी भिंतीएवढा टीव्ही येतो तो दुकानात नुसतं बोट दाखवतो आणि गाडीत जाऊन बसतो. साध्या टीव्हीचं तसं नाही. साधा टीव्ही ही जबाबदारीची बाब आहे, आणि जबाबदारी आली की समिती आलीच.

खांडबाऱ्याला आमच्या गल्लीत अशी एक समिती गेल्या हिवाळ्यात काम करून गेली. अध्यक्ष मी होतो. (पंचायत समितीच्या खरेदी शाखेत नोकरी झाल्यामुळे मला अध्यक्षपदाचा सराव आहे. मी निवृत्त झालो तेव्हा शाखेत मागवलेली बरीच कपाटं अजून विचाराधीन होती.) गल्लीत मला नाना म्हणतात.

माझे शेजारी दगाभाऊ यांची पिठाची गिरणी आहे. त्यांच्या पत्नी दगूबाई न्हाणीपाशी घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. नंदुरबारला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी हिवाळाभर खाट सोडायची नाही असं बजावलं. ज्या बाईने आयुष्यभर गिरणीच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येक डब्याची आणि त्या डब्यामागच्या घराची विचारपूस केली, तिची व्यवस्था मधल्या खोलीत करण्यात आली. दगाभाऊ दिवसभर गिरणीत. मुलगा लखन विसरवाडीला हायवेवर टायरच्या दुकानात, तो दिवेलागणीला परत. सून भूमिका अंगणवाडीत. खोलीला एक खिडकी होती, आणि खिडकीतून गिरणीची भिंत अगदी स्पष्ट दिसत असे.

थोड्याच दिवसांत दगूबाई अर्धी भाकरी ताटात ठेवू लागल्या, आणि मग तीही नको म्हणू लागल्या. भूमिकाने खोदून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक साधा टीव्ही लई या. मानसे दिसाले पाहिजेत नि त्यास्नं बोलनं ऐकू येवाले पाहिजे. या भिंती दखी दखी कटाया ऊना."

भिंतींचा कंटाळा आलेल्या माणसाची ही मागणी रास्त होती. त्याच संध्याकाळी दगाभाऊ, लखन, भूमिका आणि मी अशी चौघांची मूल्यमापन समिती स्थापन झाली. दगूबाईंना समितीत घेतलं नाही. त्या लाभार्थी होत्या, आणि लाभार्थ्याला समितीत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मात्र खाट त्यांची असल्यामुळे आणि टीव्ही खाटेवरून दिसायचा असल्यामुळे बैठका त्यांच्याच खोलीत घ्याव्या लागल्या.

स्टेशन रस्त्यावर शांतिलाल यांचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, कुलर आणि टीव्ही. आजोबांच्या काळात हे घराणं मारवाडातून आलं आणि तेव्हापासून या गावाचा स्वभाव ओळखून आहे. "नाना, घरी लावून बघा," शांतिलाल म्हणाले. "पसंत नाही पडला तर परत. दुसरा आणू. आपलंच दुकान आहे, कुठं जातंय ते." आणि त्यांनी स्वतः स्कुटीवर पुढ्यात खोकं धरून पहिला टीव्ही आणला.

चाचण्या काटेकोर होत्या. खाटेवर आडवं पडून चेहरे ओळखू येतात का, हे भूमिकाने पाहिलं. लखनचं म्हणणं, रिमोट पाठीमागून दाबला तरी चालला पाहिजे. (तो पाठीमागून का दाबायचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.) मालगाडी गेली की आमच्या गल्लीतल्या भिंती हलतात, तेव्हा चित्र हलतं का, यासाठी आम्ही सगळे मालगाडीची वाट पाहत बसलो. आवाजाची चाचणी दगाभाऊंकडे होती: गिरणी चालू असताना बातम्या ऐकू यायला हव्यात. दुर्दैवाने त्या दिवसांत मिरचीचा हंगाम होता आणि गिरणीत मिरची दळली जात होती. चाचणी सुरू झाली आणि समिती एकसाथ शिंकू लागली. शांतिलालही शिंकले. देशात त्या दिवशी काय घडलं ते कोणालाच ऐकू आलं नाही.

मधेच एक हसण्याचा आवाज आला. दगूबाई हसत होत्या. पोटावर हात धरून, पाय न हलवता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

भूमिकाने सगळ्यांसाठी चहा आणि शेव आणली. दगूबाईंनी शेव खाल्ली. समितीचा कल होकाराकडे होता. मी तसं बोलणार, एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"यामा मानसे पिव्वा दिसतस. कावीय व्हयेल सारखा."

आम्ही पाहिलं. निरखून पाहिलं की चेहरे पिवळसर वाटतच होते. टीव्ही परत गेला.

दुसरा आला. त्यात माणसं निळी दिसतात असं दगूबाईंचं मत पडलं. तिसऱ्यात बातम्या देणारी बाई डोक्यावर बसल्यासारखी बोलते. त्यानंतरच्या एकाचं चित्र, आवाज, रिमोट सगळं चांगलं निघालं. तो फार चांगला आहे, साध्या घरात शोभणार नाही, असं ठरलं. मी शाखेत अनेक तज्ज्ञ पाहिले, पण इतकी बारीक नजर कोणाची नव्हती. "घाई कसाले करतस?" त्या म्हणत. "टीव्ही कोठे पयी चालना?" टीव्ही कुठे पळून चाललाय, हे वाक्य आमच्या शाखेच्या दारावर लावण्यासारखं होतं.

संध्याकाळच्या बैठकांना आता गल्लीतले लोकही येऊ लागले, कारण टीव्हीविषयी मत नसलेला माणूस खांडबाऱ्यात नाही. शांतिलालच्या पत्नी पानीबाई, आपल्या दुकानाच्या मालात रोज काय खोट निघते ते विचारायला तावातावाने आल्या. दगूबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं. मालातली खोट बाजूला राहिली आणि पानीबाई खाटेच्या उशाशी बसून दगूबाईंच्या डोक्याला तेल चोळू लागल्या. मग त्या रोज येऊ लागल्या, येताना डब्यात गट्ट्याची भाजी घेऊन. सुनेच्या हातचं मीठ, दोघींच्या जावा, गिरणीवर येणाऱ्या कोणाकोणाच्या सोयरिकी, असे विषय समितीसमोर येऊ लागले. त्यांचा टीव्हीशी संबंध नसल्यामुळे मी ते कामकाजातून वगळत असे, पण ऐकून घेत असे.

दगूबाई आता पूर्ण भाकरी खात होत्या. डॉक्टरांनी मुदतीआधीच दिलेला वॉकर धरून दारापर्यंत जात होत्या. डॉक्टरांनी भूमिकाला विचारलं की नवीन काय औषध चालू केलं. नवीन काहीच नव्हतं. फक्त टीव्ही येत होते आणि जात होते. टीव्हीच्या उजेडाचा हाडांवर चांगला परिणाम होतो, असं अनुमान मी काढलं.

मग ती संध्याकाळ आली. शांतिलालनी नवा टीव्ही आणला, लखनने खिळ्यांवर टेकवला, आणि वीज गेली. आम्ही मेणबत्ती लावून गप्पा मारत बसलो. बऱ्याच वेळाने मी सवयीने विचारलं, "वहिनी, हा कसा वाटतो?"

"चित्र बरं शे," दगूबाई काळ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पन आवाज खरखर करस. परत द्या."

शांतिलालनी मिशीवरून हात फिरवला. लखन आईकडे बघत राहिला.

"माय," तो हळू म्हणाला, "तुले टीव्ही पाहिजे का नही?"

दगूबाई पदराची किनार बोटाला गुंडाळत राहिल्या. "पाहिजे व्हता ना, लखन," त्या म्हणाल्या. "तव्हय कोनी येत नव्हतं."

हे उत्तर विषयाला धरून नव्हतं, म्हणून मी पुढे गेलो. वीज नसताना आवाजात दोष काढणं हे मूल्यमापनाच्या मूळ तत्त्वांविरुद्ध आहे, असं मी समजावून सांगितलं. अध्यक्षाला कधीतरी निर्णय घ्यावा लागतो. (नोकरीत मला ही संधी मिळाली नव्हती.) मी जाहीर केलं: हाच टीव्ही घेण्यात येत आहे, समिती आपलं काम पूर्ण करून विसर्जित होत आहे, सर्वांचे आभार. लखन काही बोलणार होता, पण दगाभाऊंनी तोवर टाळ्या वाजवल्या होत्या. पानीबाई उठल्या, दगूबाईंच्या केसांवरून एकदा हात फिरवून गेल्या.

टीव्ही उत्तम निघाला. चेहरे ज्या त्या रंगाचे, मालगाडीने चित्र हलत नाही, आवाज गिरणीला भारी. दुसऱ्या दिवसापासून कोणालाही त्या खोलीत जायचं कारण उरलं नाही. गल्ली आपापल्या घरी गेली. पानीबाईंना दुकान होतं. मला काही नव्हतं, पण विसर्जित अध्यक्षाने घुटमळू नये.

संक्रांत झाल्यावर मी पाहणीसाठी म्हणून एकदा गेलो. टीव्ही चालू होता, मोठ्या आवाजात. त्यात आठ माणसं आठ खिडक्यांत बसून एकमेकांवर ओरडत होती. दगूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी ताट होतं, त्यात अर्धी भाकरी.

"काही तक्रार?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली. "एक शे, नाना. इतला मानसे रोज येतस, पन एकबी माले इचारत नही का पाय कसा शे."

मी टीव्हीची माहितीपुस्तिका चाळली. ही सोय या श्रेणीच्या टीव्हीत दिलेली नाही. वरच्या मॉडेलमध्ये असू शकेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी उशाशी असलेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आते कव्हय येशात?"

पुढची पाहणी वर्षाने असते, असं मी सांगितलं.

लखनने मात्र उपकरणाचा गैरवापर सुरू केला. विसरवाडीहून आला की हातपाय धुतो, मधल्या खोलीत जातो आणि चांगला चाललेला टीव्ही बंद करतो. मग खाटेच्या कडेला ताट घेऊन बसतो आणि दिवसभरात किती ट्रकांचे टायर फुटले ते आईला सांगतो. त्या प्रत्येक ट्रकची आणि ड्रायव्हरच्या घरची चौकशी करतात. भाकरी पुन्हा संपू लागली आहे. एवढ्या परिश्रमाने निवडलेली वस्तू ऐन कार्यक्रमांच्या वेळी बंद ठेवली जाते, हे पाहून एक माजी अध्यक्ष म्हणून मला वाईट वाटतं.

असो. वाचकांपैकी बहुतेकांना सुरुवातीपासून एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, ती म्हणजे शेवटी टीव्ही कोणता घेतला. शांतिलालना फोन केलात तर ते सांगतील, घरपोचही देतील. गावाकडे आईसाठी घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून शिफारस करतो. एकदा भिंतीला लावून दिला, की पुन्हा तिकडे जावं लागत नाही.