व्हाइसची फिरती बैठक

ड्रिल मशीनच्या व्हाइसला, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या लोखंडी जबड्याला, कोणती बैठक घ्यावी, हे कुणीही मला विचारावं! तळघरातल्या वर्कशॉपवर चाळीस वर्षं संसार केलाय मी. पक्की बैठक घ्यावी. टेबलावर बोल्टनं आवळली की विषय संपला. काम जबड्यात धरायचं, भोक पाडायचं, जेवायला वर यायचं!

पण हे सगळं घडलं ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात. उपवासकाळात माझं एक व्रत असतं: रोज एका वादात, फक्त एकाच, मुकाट्यानं माघार घ्यायची. आणि घरातल्या दोन्ही पुरुषांना हे तोंडपाठ आहे!

सोमवारी फादर ब्लाझिउस चर्चचा मोठा लाकडी खडखडा घेऊन आले. गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत आमच्या घंटा मुक्या असतात; गावाला प्रार्थनेला उठवतो तो हा खडखडा. त्याचा आस धरणारा लोखंडी ठोकळा फुटला होता.

"गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत हवा हो," फादर काकुळतीला आले. "नाहीतर शुक्रवारी पहाटे अख्खं गाव घोरत पडेल!"

नव्या ठोकळ्याला चार भोकं. तीही एका रेषेत! पण पहिल्याच आवळणीला आमच्या जुन्या व्हाइसचा जबडा तडकला. झालं! आमचे हे, म्हणजे गेबहार्ट, आणि धाकटे दीर मेनराड कॅटलॉग घेऊन बसले.

"फिरती बैठक घेऊ," हे म्हणाले. "तीनशेसाठ अंश फिरते!"

"अहो, चार भोकं सरळ रेषेत आहेत. फिरवायचंय काय?"

"वहिनी," मेनराड गोड आवाजात म्हणाले, "आजची माघार झाली का तुमची?"

नव्हती झाली. खोटं कसं बोलू?

मंगळवारी नवा व्हाइस आला, फिरत्या बैठकीसकट. टेबलाच्या खाचा यांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजल्या होत्या. उंची मात्र मोजलीच नाही! त्या चार बोटं जाड बैठकीवर व्हाइस, व्हाइसमध्ये ठोकळा, आणि वर ड्रिलला शिरायला जागाच नाही! मशीनचं डोकं वर सरकवावं, तर ते सासऱ्यांच्या काळापासून गंजून घट्ट बसलेलं.

"अहो, चार नट काढा आणि व्हाइस नुसता टेबलावर बसवा!"

"नवीकोरी वस्तू मोडायची?" हे असे ओरडले, जणू मी बाळाचे पाय कापायला सांगितले! "त्यापेक्षा टेबल तिथंच ठेवू आणि खांबाखाली लोखंडी ठोकळे घालून मशीनचं डोकं उचलू."

"मंगळवारची माघार, वहिनी?"

शिल्लक होती!

बुधवारी खांब वर उचलायला गेले, तर मोटार छताला टेकली. हे छत म्हणजे माझ्या प्रार्थनेच्या खोलीची लाकडी जमीन. मी गुडघे टेकून जपमाळ ओढत होते.

"वहिनी!" खालून हाक आली. "आजची आहे ना शिल्लक?"

"आहे," मी भाबडेपणानं म्हणाले.

खर्रर्र! माझे गुडघे आणि मरियामातेची तसबीर यांच्या मधोमध करवतीचं पातं वर आलं! थोड्या वेळानं त्या भोकातून मोटारीचं डोकं हळूहळू उगवलं. थेट बिळातून डोकावणारी घूस! मी जपमाळेचे मणी इतके आवळले की बोटांवर वळ उठले. पण तोंडातून शब्द काढला नाही.

गुरुवारी सकाळीच मेनराडनी पालकाच्या सूपला नावं ठेवली. मी आनंदानं मान्य केलं. माघार झाली! दुपारी चारला पाना घेऊन तळघरात उतरले. दोघं सकाळपासून बैठकीचा काटा बरोबर शून्यावर आणत बसले होते. भोक एकही नाही!

"बाजूला व्हा."

"अगं, पण..."

"आजची संपली!"

चारही नट मी स्वतःच्या हातांनी काढले, बैठक उचलून कोपऱ्यात ठेवली आणि व्हाइस टेबलावर आवळला. "घ्या! आता पाडा भोकं."

यांनी ड्रिल खाली आणलं. आणखी खाली आणलं. मशीनचं डोकं आता एवढं उंच गेलं होतं की ड्रिल ठोकळ्याच्या चार बोटं वरच गरगरत राहिलं!

मेनराड छताकडे बघत राहिले.

"बैठक बसवा परत," मी म्हणाले.

"कोणती, वहिनी?"

"ती... फिरती."

साडेसहाला चौथं भोक पडलं. शुक्रवारी पहाटे खडखडा असा कडाडला की अख्खं गाव ताडकन उठलं!

मोटारीचं डोकं अजून माझ्या खोलीतच आहे. त्यावर क्रोशाचा रुमाल घालून मी मरियामातेची मेणबत्ती ठेवते. उंची, खरं सांगायचं तर, अगदी बरोबर आहे. खाली हे मशीन सुरू करतात, तेव्हा मेणबत्तीची ज्योत थरथरायला लागते. शेजारच्या गेरलिंडबाई तेवढ्यासाठी दर शुक्रवारी येतात, हात जोडतात आणि डोळे पुसतात. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही!